नोंदवहीत शंभर टक्क्यांच्या वर, मग लस न मिळालेली मुलं कुठली? मदत हवी आहे

नमस्कार. एका छोट्या संस्थेसाठी लहान मुलांच्या लसीकरणाची पाहणी आखते आहे आणि अडले आहे. इथे या कामातले अनुभवी लोक आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या भागात आरोग्य केंद्राच्या नोंदवहीप्रमाणे पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या, तिसऱ्या डोसचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर जातं. हे शक्यच नाही. टोचलेले डोस, म्हणजे अंश, बहुधा ठीक असतील. घोळ छेदात आहे. मुलांची संख्या जुन्या जनगणनेवरून अंदाजाने काढलेली, मधल्या काळात कुटुंबं आली-गेली. शेजारच्या भागातली मुलं लस घ्यायला इथे येतात, ती अंशात मोजली जातात, छेदात नाहीत. आणि ज्या वस्तीची कुठेच नोंद नाही, तिथलं मूल दोन्हीकडे नसतं. त्याला एकही लस मिळाली नाही तरी टक्का जागचा हलत नाही. मला नेमकं तेच मूल शोधायचं आहे.

म्हणून १२ ते २३ महिन्यांच्या मुलांची घरोघर पाहणी करायचं ठरवलं. हाताशी माणसं मोजकी, पैसे त्याहून कमी. सगळेजण ३० गट (म्हणजे निवडलेली गावं किंवा वस्त्या) आणि प्रत्येक गटात ७ मुलं, म्हणजे २१० मुलांची जुनी पद्धत सुचवतात. ती पुरेल का? दुसरी अडचण अशी की बऱ्याच घरांत लसीकरण कार्डच सापडत नाही. आई सांगते, "सगळ्या सुया झाल्या." हे 'हो' धरायचं की 'माहीत नाही'? सोडून द्यावं तर ज्यांच्याकडे कार्ड आहे तीच मुलं उरतात, आणि ती बहुतेक आधीच नियमित येणारी असतात. रक्त तपासून प्रतिपिंडं (आजाराशी लढणारे रक्तातले घटक) पाहावीत असंही एकानं सुचवलं. ते आम्हाला झेपेल का?

प्रतिसाद १
३० गुणिले ७ ची पद्धत वाईट नाही, पण तिच्याकडून काय मिळतं ते आधी समजून घ्या. तिचा आकडा संपूर्ण भागाचा असतो, साधारण दहा टक्के इकडे-तिकडे. कोणती वस्ती मागे आहे हे त्यातून कळत नाही. शिवाय पहिलं घर निवडून पुढे लगतची घरं घेत सात मुलं भरायची, या रीतीत आडबाजूची आणि दार बंद असलेली घरं गळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत ही सात भरण्याची रीत सोडून घरं आधीच यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडायला आणि बंद घरी पुन्हा जायला सांगितलं आहे. घरांची यादी करताना नकाशात नसलेल्या वस्त्या उपग्रहचित्रावरून धरा. हे राहिलं तर तुम्ही शोधताय ते मूल पाहणीतूनही सुटेल.

मागे पडलेली वस्ती ओळखायची असेल तर प्रत्येक वस्तीतून १९ मुलं यादृच्छिक निवडा. ८० टक्क्यांचं उद्दिष्ट असेल आणि १३ पेक्षा कमी मुलांना लस मिळालेली निघाली, तर तिथे आधी जा. नेमका टक्का यातून मिळत नाही, पण कुठे धावायचं ते कळतं.

प्रतिसाद २
कार्ड नसलेल्या मुलाला वगळू नका. कार्डावरून झालेली नोंद आणि आईच्या आठवणीवरून झालेली नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, अहवालातही वेगळ्या दाखवा. दिसलेल्या प्रत्येक कार्डाचा फोटो घ्या. नसेल तर केंद्राच्या नोंदवहीत नाव शोधा. आईला "सगळं झालं का" असं विचारू नका. "मांडीत सुई किती वेळा दिली, तोंडात थेंब किती वेळा पाजले" असं विचारा, उत्तर बरंच नेमकं येतं. तारखाही तपासा: पेंटाचा पहिला डोस सहा आठवड्यांआधी किंवा दोन डोसमध्ये चार आठवड्यांहून कमी अंतर असेल तर तो डोस वैध धरत नाहीत.

रक्ततपासणी सध्या नको. गोवराची प्रतिपिंडं लसीनं आली की आजार होऊन गेल्यानं, हे त्यातून कळत नाही. धनुर्वाताचं वेगळं, तिथे आजार होऊनही संरक्षण मिळत नाही, म्हणून प्रतिपिंडं दिसली तर ती लसीचीच. पण नमुने गोळा करणं, थंड ठेवणं, प्रयोगशाळेचा खर्च, हे तुमच्या आवाक्याबाहेर वाटतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. १९ मुलांचीच वाट धरते. एकच विचारायचं राहिलं. पेंटाचा पहिला डोसही न मिळालेली मुलं आणि पहिला मिळून तिसरा राहिलेली मुलं वेगळी मोजावीत का?

प्रतिसाद २
नक्की. पहिला डोसच नाही, म्हणजे सेवा त्या घरापर्यंत पोहोचलीच नाही, किंवा घराला ती नको होती. पहिला घेऊन तिसरा राहिला, म्हणजे आई एकदा आली होती आणि पुढे काहीतरी बिनसलं: लांब अंतर, बुडणारी मजुरी, तापाची भीती, की केंद्रावर संपलेला साठा. ही गळती दहा टक्क्यांच्या वर असेल तर केंद्रावरच बारकाईनं पाहा. दोन्ही घरांत "का राहिलं" हा प्रश्न विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.