साडेतीन वर्षांच्या मुलीला संधिवात? सासूबाईंना आहे तोच का हा?

लेकीची आई:
दोन महिने झाले, लेक सकाळी उठली की लंगडते आणि दहा वाजेपर्यंत परत धावायला लागते, त्यामुळे आम्हाला वाटलं शाळेत जायचं नाही म्हणून करतेय. मग उजवा गुडघा सुजलेला दिसला. हाताला गरम लागतो पण दुखतंय असं ती म्हणतच नाही. डॉक्टर म्हणाले जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. पण आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आलाय, मग संधिवात कसा? माझ्या आईचे गुडघे झिजलेत, सासूबाईंची बोटं आमवाताने वाकडी झालीत, त्यांच्याकडून आला का? आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे का पाठवलंय? शेजारीण म्हणते वाढीचं दुखणं आहे, सोडून दे. प्लीज सांगा कोणीतरी.

मुलाचा बाबा:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी डोळे दाखवा. माझ्या मुलाला हेच आहे. यात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, युव्हिआयटिस म्हणतात, आणि डोळा लाल नाही, दुखत नाही, मूल काहीच सांगत नाही आणि आत नजर खराब होत राहते. स्लिट लॅम्प नावाच्या मशीनवरच कळतं. एएनए नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर धोका जास्त, अशा लहान मुलांना साधारण दर 3 महिन्यांनी बोलावतात. आमचा गुडघा बरा झाला तरी डोळ्यांची तपासणी चालूच आहे.
वाढीचं दुखणं बहुतेक दोन्ही पायांना, संध्याकाळी नाहीतर रात्री होतं, सूज नसते आणि सकाळी मूल ठणठणीत. तुमच्याकडे बरोबर उलटं आहे.

आमवातवाली मावशी:
मला 14 वर्षं आमवात आहे म्हणून सांगते, आपण सगळ्याला संधिवात म्हणतो तिथेच घोळ होतो. तुमच्या आईचं ते ऑस्टिओआर्थ्रायटिस, कूर्चा झिजते, बसून उठलं की आखडतं पण थोडं चाललं की मोकळं होतं. सासूबाईंचा आणि माझा म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, दोन्ही हातांची बोटं एकदम, सकाळी तासभर मूठ वळत नाही. पायाचा अंगठा रात्रीत टम्म सुजला तर बहुतेक गाऊट, तो युरिक अॅसिडचा, लहान मुलांत जवळपास नसतोच.
मुलांचा वेगळाच. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, 6 आठवड्यांच्या वर टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला असला की जेआयए. त्यातही प्रकार आहेत, पहिल्या 6 महिन्यांत 4 किंवा कमी सांधे असतील तर एक, 5 किंवा जास्त तर दुसरा, रोज ताप चढतो आणि अंगावर पुरळ येतं तो अजून वेगळा. बहुतेक मुलांत आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. आणि सासूबाईंकडून तसाच्या तसा आला असं नसतं गं, त्यांना अपराधी वाटू देऊ नका.

मुलाचा बाबा:
अजून एक, दोन्ही पायांची लांबी मोजायला सांगा. लहान वयात सूज राहिली तर त्या बाजूचं हाड जास्त वाढतं, आमच्याकडे फरक पडला होता. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर नावाने घाबरू नका, आम्ही घाबरून 4 महिने घालवले, त्याचं अजून वाईट वाटतं. मात्र जोराचा ताप येऊन सांधा अचानक सुजला आणि पाय टेकवेना, तर थांबू नका, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, लगेच हॉस्पिटल.

लेकीची आई:
ताप नाहीये. डोळ्यांची वेळ पुढच्या महिन्याची होती, आत्ताच फोन करून उद्या सकाळची घेतली. सासूबाई खरंच रडत होत्या, त्यांना तुमचा मेसेज वाचून दाखवला मावशी.