फ्रान्समधल्या नव-शापेलला कोणी गेलंय का? पणजोबांचं नाव शोधायचंय

साताऱ्याची लेक:
आमच्या देव्हाऱ्यात तळहाताएवढी एक पितळी चकती आहे. तिच्यावर सिंह, त्रिशूळ धरलेली बाई आणि कडेने इंग्रजी अक्षरं. आजी दर दिवाळीला ती चिंचेने घासायची, त्यामुळे पणजोबांचं नाव आता दिसत नाही, बोट फिरवलं तरच लागतं. त्यावर हुद्दा नाही, पलटण नाही. घरात एवढंच सांगतात की ते खडकीहून गेले आणि १९१४च्या दिवाळीनंतर पत्र आलं नाही. ऑक्टोबरात कामासाठी लीलला जातेय. तिथून नव-शापेल एका दिवसात होईल का?

लीलकर:
आरामात होईल. ला बासेपर्यंत ट्रेन आहे, पुढे पाचेक किलोमीटर. सपाट शेतं आणि छोटंसं गाव. पहिल्या महायुद्धात ते पार जमीनदोस्त झालं होतं, आज दिसतं ते सगळं नंतरचं बांधकाम. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक गावाबाहेर चौकात आहे. मधोमध कमळाच्या शिरोभागाचा उंच खांब, दोन वाघ, आणि अर्धगोल भिंतीवर ४,७००हून जास्त नावं. ज्यांची कबर कुठेच नाही, त्यांची.

खडकीचा सॅपर (निवृत्त):
ताई, ती चकती काशाची. युद्धात गेलेल्यांच्या घरी सरकार पाठवायचं.
२८ ऑक्टोबर १९१४ ही तारीख लक्षात ठेवा. आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या त्या दिवशी ४७व्या शीख पलटणीबरोबर नव-शापेलवर चालून गेल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्याला पायदळासारखं उघड्या शेतातून धाडलं. पोरं गावात घुसली, घराघरांतून संगिनींनी लढली. कुमक आली नाही, मागे फिरावं लागलं. हे सांगताना मला आजही त्रास होतो.
जाण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. कारकुनांनी नावं कानाला लागली तशी लिहिलीत, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो.

साताऱ्याची लेक:
काका, सापडले! नावाचं स्पेलिंग भलतंच आहे, पण वडील आमचेच आणि गावही आमचंच. तारीख तुम्ही सांगितलीत तीच. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती बराच वेळ बोललीच नाही. आता म्हणते, नावावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप आण. माझा हात पोचेल का तिथवर?

लीलकर:
नावं पार वरपर्यंत आहेत. माझ्याकडे घडीची शिडी आहे. दिवस कळवा, गाडी घेऊन येतो.