जुन्या टाटा 697 डिझेल इंजिनचे कॅम टायमिंग एक दात मागे बसले आहे का? (नागपूर)

नमस्कार. आमच्याकडे जुना टाटा 1210 ट्रक आहे. हंगामात तो काटोल भागातली संत्री कळमना बाजारात आणतो आणि एरवी मिळेल तो माल वाहतो. इंजिन 697, सहा सिलिंडर, टर्बो नसलेले, 97 मिलिमीटर बोअर आणि 128 मिलिमीटर स्ट्रोकचे. वाडीतील एका गॅरेजमध्ये त्याचे पूर्ण काम झाले. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या पडल्या आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बाहेर काढून बुश बदलले. तेव्हापासून गाडी सकाळी स्टार्टरला बराच वेळ घेते, पांढरा धूर सोडते आणि खालच्या आरपीएमला अगदी मेल्यासारखी चालते. वर गेल्यावर मात्र थोडा जीव येतो. नागपुरात मे महिन्यात, हवा पहाटेसुद्धा तापलेली असताना, डिझेल इंजिनाने थंड असल्याचे सोंग करावे हे मला पटत नाही.

मिस्त्रींचे म्हणणे डिझेल पंपाचे टायमिंग चुकले असे होते, म्हणून पंप उतरवून तपासला, नोझल टेस्ट केले आणि पहिल्या सिलिंडरवर स्पिल पद्धतीने (पंपातून डिझेल वाहणे थांबते तो क्षण पाहून) पंप पुन्हा लावला. धूर किंचित कमी झाला, बाकी सारे तसेच राहिले. त्यानंतर नोझलच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन घेतले, तर सहाही सिलिंडर 17 ते 18 बारच्या दरम्यान आले. रिंग किंवा व्हॉल्व्ह खराब असता तर एखादाच सिलिंडर पडला असता. शिवाय थोडे ऑइल टाकूनही आकडा वाढला नाही, आणि व्हॉल्व्ह बंद असताना हवेचा दाब दिला तर गळतीही मिळाली नाही. पंपाच्या टायमिंगने कॉम्प्रेशन बदलत नाही. सगळीकडे सारखे कमी असण्याचे एकच कारण मला दिसते, ते म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होणे, कारण स्टार्टरच्या संथ फिरण्यात आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलली जाते.

फ्लायव्हीलच्या खुणेवर विसंबायचे नव्हते, म्हणून पहिल्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली, व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्यावर टेकवला आणि त्याच्या दांडीवर डायल गेज लावून दोन्ही बाजूंच्या समान रीडिंगचा मध्य काढून खरा टॉप (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) शोधला. खूण बरोबर निघाली. नंतर टॅपेटचे (व्हॉल्व्हवरचे) अंतर नियमाप्रमाणे लावून, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर ठेवून सहावा पाहिला. त्या वेळी सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह जवळजवळ सारखे, थोडेसेच उघडे असायला हवेत. इथे एक्झॉस्ट स्पष्ट उघडा होता आणि इनलेटला अजून हालचाल नव्हती. दोघांची उचल सारखी होण्यासाठी क्रँक सुमारे 14 अंश पुढे फिरवावा लागला. बॅकलॅशची (गिअरच्या दातांमधल्या ढिलाईची) चूक शिरू नये म्हणून क्रँक नेहमी चालण्याच्याच दिशेने फिरवला.

कॅम गिअरचा एक दात म्हणजे क्रँकचे 720 भागिले दातांची संख्या इतके अंश, त्यामुळे 48 दात असतील तर 15 आणि 52 असतील तर साधारण 14. मिस्त्री मात्र ठामपणे सांगतात की गिअरवरच्या खुणा जुळवूनच पुढचे कव्हर बंद केले, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. म्हणून दुसरी शंका अशी, की गिअर कॅमशाफ्टवर गरम करून पुन्हा बसवताना चावी (गिअरला शाफ्टवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा) कापली जाऊन तो फिरला असावा, म्हणजे खुणा जुळूनही कॅम मागेच राहील.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या इंजिनच्या कॅम गिअरला नेमके किती दात असतात? रेडिएटर आणि पुढचे कव्हर न काढता, चुकीचा दात आणि फिरलेला गिअर यांतला फरक ओळखण्याची काही युक्ती आहे का? आणि चूक फक्त दाताची निघाली, तर टॅपेट वर अडकवून कॅमशाफ्ट जागेवरच थोडा पुढे ओढून दात बदलता येतो, की संप (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) आणि हेड दोन्ही उतरवावे लागतात? कॅम सरकवल्यावर पंपाचा गिअरही सोबत हलणार असल्याने पंप पुन्हा लावावा लागेल, हे मी धरूनच चाललो आहे.