टीव्हीचा आवाज ऑप्टिकलने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला: काही चॅनलांवर आवाजच नाही

चोपडेकर
नमस्कार मंडळी. वडिलांनी जपलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे लाकडी स्पीकर आहेत. आईला टीव्हीवरची अहिराणी गाणी त्यावरच ऐकायची असतात. हेडफोनच्या पिनेतून जोडलं की मागे सारखं ‘हूंऽऽ’ घुमतं, म्हणून ऑप्टिकल केबल आणि छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅम्प्लिफायरला चालेल असा आवाज करणारी डबी) आणला. यूट्यूब छान वाजतं, पण सेट टॉप बॉक्सच्या काही एचडी चॅनलांवर आवाजच येत नाही. घुमणंही पूर्ण गेलेलं नाही. महागडी केबल घेऊ का?

यावलचा भाऊ
केबल राहू द्या भो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’वर असेल, ते ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करा. त्या चॅनलांवर डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून पाठवलेला आवाज, येत असणार, आणि छोट्या डॅकला ते उलगडता येत नाही.

भुसावळ रिपेअरवाला
पीसीएमचं बरोबर आहे. आता घुमण्याचं. डॅकला करंट कुठून दिलाय? टीव्हीच्या यूएसबीतून दिला असेल तर तिथेच घोळ आहे. ऑप्टिकलचा मोठा फायदा हा की केबलमधून फक्त उजेड जातो, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात तांब्याची तार राहत नाही, म्हणून अर्थिंगच्या फरकाचं घुमणं थांबतं. यूएसबीची वायर लावली की टीव्हीचा ग्राउंड पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचला! डॅकला मोबाईलचा वेगळा दोन पिनांचा चार्जर लावा. तरीही घुमलं तर डॅकच्या पिना अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून ऐका. तेव्हाही आवाज असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा. जुन्या मशीनमध्ये पॉवर सप्लायचे कपॅसिटर आधी तपासायचे.

महागड्या केबलवर पैसे घालू नका, हे मी गिऱ्हाइकालाही कळकळीने सांगतो. तोशिबाने हे कनेक्शन 1983 मध्ये आणलं, सीडी प्लेयरसाठी. आत साधी प्लास्टिकची फायबर आणि लाल उजेड. सिग्नल नीट पोचला तर आवाज पूर्ण येतो, कमी पडला तर तुटक होतो किंवा बंद पडतो. महाग केबलने बास वाढत नाही. पाच मीटरच्या आत ठेवा, कपाटामागे काटकोनात दुमडू नका. आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ! केबल काढली की टोकाला टोपी घाला, टोक मऊ कोरड्या कापडाने पुसा.

चोपडेकर
यूएसबीच होती दादा! चार्जर लावला, पीसीएम केलं, घुमणं गेलं, चॅनलही वाजले. पण टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, आईला उठावं लागतं.

भुसावळ रिपेअरवाला
बऱ्याच टीव्हींत ऑप्टिकलची पातळी ठरलेलीच असते. रिमोटवाला डॅक मिळतो, आईंसाठी तोच घ्या. आणि गाणाऱ्याचे ओठ आणि आवाज मागेपुढे वाटले तर सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ बघा.