विषय: शांघाय मंडळाची रविवारची वूसोंग सहल – बस ठरवायची की नाही?

प्रेषक: मेधा

मंडळी,
बसवाल्याला उद्या दुपारी बाराच्या आत सांगायचं आहे, म्हणून घाईत लिहितेय. मोठी बस मिळते आहे, पण ती आपल्याला वूसोंगच्या जुन्या किल्ल्याच्या जागी असलेल्या पाओतायवान पार्कच्या मुख्य दरवाजाशी उतरवून निघून जाणार. दिवसभर तिथे थांबता येत नाही म्हणतो. साडेतीनला परत येईल आणि पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही. मागचा रविवार मोठ्या सुट्टीच्या बदल्यात भरपाईच्या कामात गेला, त्यामुळे तारीख आता हलणार नाही. बस हवी की नको, एवढंच आज रात्रीपर्यंत कळवा.

---

प्रेषक: जयंत

मेधा,
बस नको. छोंगमिंग बेटाच्या सहलीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठ-दहा जण वेळेवर आले नाहीत आणि बाकीचे उन्हात रस्त्यावर उभे. पंधरा मिनिटांची अट आपल्या लोकांना झेपणारी नाही.

तीन नंबरची मेट्रो धरा, शुईचान रोडला उतरा. दोन गोष्टी मात्र पत्रकात ठळक छापा. एक, चोंगशान पार्कला तीन आणि चार नंबर एकाच फलाटावर येतात. पिवळ्या पट्ट्याची तीन, जांभळ्याची चार. जांभळीत बसलात तर गोल फिरत राहाल. दोन, तीनच्याही सगळ्या गाड्या शेवटपर्यंत जात नाहीत, काही छांगजियांग दक्षिण रोडलाच रिकाम्या करतात. गाडीवरचं शेवटच्या स्टेशनचं नाव वाचूनच चढायचं.

सहलींचं काम मी इतकी वर्षं बघतोय. बस ठरवण्याआधी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं.

---

प्रेषक: रश्मी

जयंतकाका,
स्टेशनपासून दरवाजापर्यंत दोनेक किलोमीटर आहे, त्याचं काय? माझ्या सासूबाई येणार आहेत, देशपांडे काकू आहेत, शिवाय सांगलीहून आलेल्या सुलभामावशी. टॅक्सी बहुधा ॲपवरूनच मागवावी लागते आणि पाहुण्यांकडे इथला नंबर नाही. प्रत्येक ज्येष्ठाबरोबर ॲपवालं कोणीतरी द्यावं लागेल. त्यांची यादी कोण करणार? बस दारापर्यंत नेते, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. आणि पंधरा मिनिटांची शिस्त पाळायला आपण लहान नाही.

---

प्रेषक: सुधीर

बस की मेट्रो ते तुम्ही ठरवा, मला दोन्ही चालेल. माझं म्हणणं कार्यक्रमाबद्दल आहे. पत्रकात 'किल्लादर्शन, फोटो, जेवण' एवढंच लिहिलंय. त्या जागेचा आणि मुंबईचा जो संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय आपण तिथून परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

१६ जून १८४२ ला इंग्रजांच्या आरमाराने वूसोंगवर, ह्वांगपू नदीच्या तोंडाशी, हल्ला केला. चिनी तोफा किनाऱ्यावरच्या मातीच्या बांधांमागे होत्या. वारा नसला तरी अडू नये म्हणून शिडाची मोठी जहाजं वाफेच्या बोटींनी ओढत आणली आणि तोफांच्या समोर नांगरली. त्यातलं पुढारी जहाज होतं 'कॉर्नवॉलिस', ७४ तोफांचं. हे जहाज बांधलं आपल्या मुंबई गोदीत, १८१३ साली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, सागवानी लाकडात. अडीचच महिन्यांनी, २९ ऑगस्टला, नानजिंगचा तह झाला तोही याच जहाजावर. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली आणि त्यातलंच एक शांघाय. आज आपण सगळे इथे नोकऱ्या करतोय त्या शहराचा दरवाजा मुंबईच्या सागवानावर बसून उघडला गेला.

आणि भांडण कशावरून? अफूवरून. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या पैशावर मुंबईतल्या किती पेढ्या उभ्या राहिल्या ते आपल्याकडे कोणी बोलत नाही. त्या युद्धात मद्रासच्या देशी पलटणीही होत्या. म्हणजे माल, जहाज आणि शिपाई, तिन्ही आपल्या बाजूचे.

पलीकडे छन ह्वाछंग होते, साठी उलटलेले सेनापती. गव्हर्नर-जनरल न्यू च्येन तोफा सुरू झाल्यावर पळाले, हे जागेवर राहिले आणि तिथेच पडले. यू बागेशेजारच्या नगरदेवाच्या देवळात पाहुण्यांना सगळेच नेतात. तिथे या छन ह्वाछंगनाही देव म्हणून बसवलंय.

मला तोफांपाशी वीस मिनिटं द्या. माईक नको.

---

प्रेषक: प्रणव

सुधीरदादा, वूसोंग म्हटलं की रेल्वेही आलीच. चीनमधली पहिली प्रवासी रेल्वे शांघाय ते वूसोंग, १८७६ ची. इंग्रज व्यापाऱ्यांनी सरकारची रीतसर परवानगी न घेता टाकली. पुढच्या वर्षी चीन सरकारने ती विकत घेतली आणि उखडून काढली! आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे १८५३ ला सुरू झाली आणि कोणी उखडायला गेलं नाही. इथे वूसोंगला पुन्हा रूळ यायला १८९८ उजाडलं. जयंतकाका सांगताहेत ती तीन नंबरची मेट्रो उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून जाते. म्हणून माझं मत मेट्रोला.

---

प्रेषक: सुधीर

प्रणव, आपल्याकडे उखडायला कोणी गेलं नाही कारण विचारायला आपलं सरकारच नव्हतं. त्यांनी पैसे मोजून घेतली आणि मग काढली. आपली जमीन, आपली परवानगी, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मला तो मुद्दा त्यांच्या बाजूचा वाटतो.

---

प्रेषक: सुलभा

नमस्कार. मी रश्मीकडे पाहुणी आहे, तिच्या मेलवरून लिहिते. माझ्या पायांची काळजी नको, सांगलीत रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाते. मला एवढंच विचारायचं आहे की तिथे बुरूज, तटबंदी, दरवाजा असं काही आहे का? आम्ही सिंधुदुर्ग, विजयदुर्ग बघितलेली माणसं. आणि दिवाळी जवळ आली आहे. मुलं सहलीला जाणारच आहेत, तर यंदा मंडळाच्या किल्ल्यांत एखादा हाही करू द्या. नदी, बांध, तोफा, करायला सोपा आहे.

---

प्रेषक: जयंत

सुलभाताई, आपलं स्वागत. पण दिवाळीचा किल्ला महाराजांचाच. स्पर्धेचे नियम सुरुवातीपासून तसेच आहेत आणि परीक्षकही त्याप्रमाणेच गुण देतात. मुलांना इथे दुसरं कोण रायगड-राजगड सांगणार आहे? तो एक आठवडा तरी त्यांच्यासाठी राखून ठेवू या.

---

प्रेषक: ओंकार

सुलभामावशींच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मी तिथल्या बाओशान भागातच राहतो आणि संध्याकाळी तिथे पळायला जातो.

तटबंदी नाही. जपान्यांनी १९३२ ला जहाजांतून आणि विमानांतून मारा केला, १९३७ ला पुन्हा लढाई झाली. किल्ला म्हणून काही उरलं नाही. आता उघड्यावर मांडलेल्या तोफा आहेत, स्मारकाचा चौक आहे, टेकडी आहे आणि नदीमुखाची माहिती देणारं संग्रहालय आहे. मुलांना ते आवडेल.

पण ती जागा कशी झाली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६० च्या दशकापासून तिथल्या चिखलात पोलाद कारखान्यांची मळी, म्हणजे धातू काढल्यावर उरणारा दगडासारखा कचरा, टाकत होते. बाग झाली २००७ मध्ये. अजूनही काही कडांना ते दगड दिसतात, काळपट, भोकाभोकांचे, गंजाचे डाग पडलेले. हातात घेतले तर वाटतं त्यापेक्षा जड. त्यांच्या मधूनच गवत वर आलंय.

पाण्याकडे लाकडी वाट आहे, दोन्ही बाजूंना बोरू. ओहोटीला जा, चिखलात बारीक खेकडे दिसतात. टोकाशी उभं राहिलं की ह्वांगपूचं करडं पाणी आणि यांगत्सेचं पिवळं पाणी यांच्यामधली रेघ दिसते. भरतीला समुद्राचं हिरवट पाणी आत आलं की तीन पट्टे होतात, इथले लोक मुद्दाम ते बघायला येतात. वाळूच्या आणि कोळशाच्या बोटी त्या रेघेवरून एकामागून एक जात असतात. सुधीरदादांनी आपली वीस मिनिटं तोफांपाशी न घेता इथे घ्यावीत. 'कॉर्नवॉलिस' याच पाण्यातून आली आणि नदीचं तोंड किती रुंद आहे ते समोर दिसतं.

वाट सपाट आहे. पण दरवाजापासून तिथपर्यंत चालणंही बरंच आहे, ते रश्मीताईंनी धरून चालावं. बाकं जागोजागी आहेत.

---

प्रेषक: रश्मी

ओंकार, म्हणजे स्टेशनपासून दोन किलोमीटर आणि आत परत चालणं. मग बसच हवी, हे तुझ्याच मेलमध्ये आलं. शिवाय मावशी कितीही म्हणोत, परतीचं चालणं वेगळं असतं.

---

प्रेषक: मेधा

बारा मतं बसला, नऊ मेट्रोला, बाकीचे गप्प. मोठी बस सोडून देते. लहान बस सांगते, ज्येष्ठ आणि पाच वर्षांखालची मुलं आईवडिलांसह तीत. बाकीचे मेट्रोने, शुईचान रोडला सव्वादहाला. मेट्रोवाल्यांना घेऊन येण्याचं काम जयंतकाकांनी बघावं, ही विनंती. ओंकार, त्या रविवारची ओहोटी किती वाजता आहे ते बघून लगेच कळव, सुधीरदादांची वीस मिनिटं त्याप्रमाणे लावते. दिवाळीच्या किल्ल्याचा विषय कार्यकारिणीत घेऊ, इथे नको.

---

प्रेषक: जयंत

चालेल. पण लहान बस साडेतीनला नव्हे, चारला बोलवा. लिनच्यांग पार्कमधलं युद्धस्मारक जवळच आहे आणि १९३२ चं सगळं तिथे मांडलंय, ते मेट्रोवाल्यांना दाखवून आणतो. जेवणाचे डबे बसमध्येच ठेवा. मेट्रोत पिशव्या तपासायला यंत्रातून घालाव्या लागतात, आमटी सांडते.