परस आणि बाजूचा बोळ, कमी खर्चात: तुमचे अनुभव सांगा

घराच्या मागची मोकळी जागा आणि बाजूचा चिंचोळा बोळ, या दोन्हींच्या वाट्याला नेहमी उरलासुरला राडारोडाच येतो. आमच्याकडे तसंच होतं. गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत मी दोन्ही जागा मार्गी लावल्या, माळी किंवा काँट्रॅक्टर न लावता. माझं आधी सांगते, मग तुम्ही तुमचं लिहा. चुकलेलं तर नक्की लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

माझी पहिली चूक म्हणजे आधी रोपं आणली. खड्डे केले, लावली, छान दिसत होतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात परसाच्या अर्ध्या भागात पाणी साचलं ते दोन दिवस हललंच नाही. निम्मी रोपं मुळाशी कुजली, उपटून बघितलं तर मुळं काळी पडून हाताला बुळबुळीत लागत होती आणि वास येत होता. मग मात्र पुढच्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभी राहिले आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं तिथे विटांचे तुकडे ठेवत गेले. गच्चीचं पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं आणि जमिनीचा उतार उलटा, घराकडे! लेव्हल पाइप लावून, भिंतीपासून लांब एका मीटरला साधारण 2 सेंटीमीटर उतार येईल अशी माती ओढली, कडेने उथळ चर खणून त्यात जाड खडी आणि विटांचे तुकडे भरले. चरातून निघालेल्या मातीचाच उंच वाफा झाला. विकत काही आणावं लागलं नाही, पण पाठ मोडून निघाली. एक सांगायचं राहिलं, वाफ्याची माती भिंतीला टेकवू नका, ओल आत येते. हातभर जागा सोडा.

* * *

ताई, पाण्याचं अगदी बरोबर. मी खड्डा करून बघतो. फूटभर खोल खणायचा, पाण्याने भरून ते जिरू द्यायचं, मग परत भरायचं आणि तासाभराने पट्टीने मोजायचं. तासाला इंचभर तरी उतरलं तर चालतंय. आमच्या बोळात ते जेमतेम अर्ध्या बोटाएवढं उतरलं होतं, कारण बांधकामाच्या वेळी सगळ्या गाड्या तिथूनच गेल्या आणि माती दाबून दगड झालेली. वरवर खत टाकून काही होत नव्हतं. टिकावाने वीतभर सैल केली, पालापाचोळा आणि कंपोस्ट मिसळलं, आणि मुख्य म्हणजे नंतर त्यावरून चालायचं बंद केलं, चालायची पट्टी वेगळी आणि लावायची वेगळी.

* * *

मी फक्त उन्हाबद्दल लिहिते. एका दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी फोनवर फोटो काढले. बोळात जेमतेम दुपारचा तासभर ऊन! आणि मी तिथे गुलाब लावून वर्षभर वाट बघत बसलेले. आता समोरच्या भिंतीला चुना मारलाय, उजेड खूप वाढला, आणि खाली नेचे, सिंगोनियम, स्नेक प्लांट आहेत. स्नेक प्लांटचं एक पान तोडून त्याचे तुकडे लावले तरी फुटतात, पण पिवळ्या कडेच्या जातीचं पान लावलंत तर नवीन रोप नुसतं हिरवं येतं. पिवळी कड हवी असेल तर मुळासकट वेगळं करूनच लावा. मला हे दहा रोपं झाल्यावर कळलं.

* * *

लव्हाळा!! कुणीच कसं लिहिलं नाही अजून.

पुठ्ठे अंथरायचे, त्यावर पालापाचोळा टाकायचा, तण मरतं, असं सगळे सांगतात आणि साध्या तणाला ते खरंही आहे. पुठ्ठ्यावरची टेप काढून, कडा एकमेकांवर वीतभर चढवून, भिजवून अंथरले आणि वर चार बोटं पाला घातला, तर परसाचा बराच भाग मोकळा झाला. हरळीसुद्धा बरीच दबली, कडेकडेने येते तेवढी उपटते. पण लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, पुठ्ठा काय प्लॅस्टिकपण भोसकून वर येतं. खुरप्याने वरचं कापलं की आपल्याला वाटतं गेला, पण खाली काळ्या गाठी असतात, एका दोऱ्यात ओवल्यासारख्या, एक ओढली की दोरा तुटतो आणि बाकीच्या आतच राहतात. मी काय केलं, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना काट्याने वीतभर खोल उचलायची, हाताने चाळायची आणि गाठी बादलीत. कंपोस्टात अजिबात नाही, त्या तिथे जगतात. नवीन कोंब पाच-सहा पानांचा व्हायच्या आत परत काढायचा, म्हणजे खाली नवी गाठ धरत नाही. दर आठवड्याला, न चुकता. एक वाफा असा पूर्ण मोकळा करायला मला दीड वर्ष लागलं, आणि घाई करून मधेच सोडणाऱ्यांनी सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

* * *

सामान गोळा करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लाकडी पॅलेट फुकट मिळतात, त्यांचे वाफे मस्त होतात, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडीचा बंदोबस्त केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते घरी आणू नका. काळे तेलकट डाग असले तरी नको. दुसरं, सिमेंटचा चुरा मातीत मिसळू नका. माती अल्कधर्मी होते आणि पानं शिरा सोडून पिवळी पडत जातात. तो चुरा वाटेखाली भरायला उत्तम.

* * *

रोपं विकत का घेता पण? जास्वंद, कर्दळ, अबोली, मोगरा, माझ्याकडचं सगळं कुणाच्या ना कुणाच्या छाटणीतून आलंय. छाटणी कधी करणार ते शेजारी आधी विचारून ठेवायचं. वीतभर काडी, डोळ्याच्या खाली काप, खालची पानं काढायची, सावलीत ठेवायची आणि रोज उपटून बघायचं नाही 🙂 कर्दळीची मात्र काडी नाही, गड्डा मागा. दहातल्या चार-पाच काड्या जगल्या तरी खूप झालं.

* * *

आमच्याकडे परस ठीक होता, प्रश्न बोळाचा होता, कारण आईला मागच्या दारापर्यंत जायला तोच एक रस्ता आणि पावसात नुसता चिखल. उरलेल्या फरशा होत्या पण गुळगुळीत, ओल्या झाल्या की पाय सरकणारच, म्हणून उलट्या लावल्या, खरबरीत बाजू वर. आधी माती ठोकून घेतली, त्यावर दोन इंच वाळू, मग फरशी, आणि मधल्या फटीत खडी. माझ्या पावलांच्या अंतराने लावायला घेतल्या तर दोन फूट येत होतं, तेवढ्यात आई म्हणाली मला एकदा चालू दे. तिला ओल्या मातीवरून हळूहळू चालायला लावलं आणि जिथे तिचं पाऊल उमटलं तिथेच मधोमध एकेक फरशी बसवली. अंतर दीड फुटापेक्षाही कमी निघालं, आठ फरशा जास्त लागल्या. आता सकाळी ती एकटी मागे जाते, काठी फरशीवर टक टक वाजत जाते, आणि मला आतूनच कळतं कुठवर पोचली ते.