'युरोप फक्त नियम छापतो' म्हणणाऱ्यांना तुटलिंगेनहून उत्तर

डोनाऊकाठचा (धागाकर्ता)

परवा इथे एक धागा आला होता: 'अमेरिका शोध लावते, चीन माल बनवतो, युरोप नियम छापतो. आठवड्याला पस्तीस तास काम करणारे आळशी लोक, त्यांचा उद्योग बुडणारच.' खाली 'अगदी सहमत'ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

मी दक्षिण जर्मनीत तुटलिंगेनजवळ बारा वर्षं राहतो. गाव लहान आहे, पण शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, हाडं कापायच्या करवती बनवणारे शेकडो कारखाने या भागात आहेत आणि बरेचसे वीस-तीस माणसांचे. आमचा साठ जणांचा. मी क्वालिटीत आहे. सकाळी सहाला आमचा पहिला माणूस ग्राइंडिंगला बसलेला असतो. त्याला आळशी म्हणायचं असेल तर शेजारी उभं राहून म्हणा.

नियमांचा त्रास आहे का? आहे, भरपूर आहे. पण तो सगळ्यांना सारखा नाही. वैद्यकीय उपकरणांचा नवा युरोपीय कायदा २०१७ साली झाला, २६ मे २०२१ पासून लागू झाला. पूर्वी पुन्हा वापरायच्या साध्या हत्यारांसाठी कारखानदार स्वतः नियम पाळल्याचं घोषणापत्र द्यायचा. आता धुणं, निर्जंतुक करणं, परत वापरणं एवढ्या भागासाठी बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासायला हवी. संस्था मोजक्या, त्यांच्या दारात गर्दी, म्हणून मुदत २०२८ पर्यंत लांबली. एका हत्याराची फाइल, म्हणजे तपासणीची सगळी कागदपत्रं, करायला सहा हजार माणसांच्या कंपनीला जेवढे तास लागतात तेवढेच आम्हालाही लागतात. त्यांच्याकडे त्या कामाला अख्खा मजला आहे. आमच्याकडे मी आणि अर्धवेळ येणारी एक बाई. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा एक हुक आम्ही वर्षाला चाळीसेक विकत होतो. फाइलचा खर्च धरला आणि तो बंद केला. हुकात दोष काहीच नव्हता.

आता मदतीचं बघा. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांचा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यातला वर्षाला ७५० ते ८०० अब्ज युरो जादा गुंतवणुकीचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण सरकारं उत्साहानं धावतात ती कुणाच्या मागे? पूर्व जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या चिप कारखान्यासाठी इंटेलला सुमारे १० अब्ज युरो कबूल झाले होते. जुलै २०२५ मध्ये इंटेलनं प्रकल्पच सोडला. नॉर्थव्होल्ट या स्वीडिश कंपनीच्या उत्तर जर्मनीत हायडेतल्या बॅटरी कारखान्यासाठी सरकारी बँकेमार्फत सुमारे ६० कोटी युरो गेले. मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. त्या पैशातून छोट्या कारखान्यांच्या तपासण्या करून दिल्या असत्या तर आमच्यासारख्या कितीतरी जणांनी माल बंद केला नसता.

थोडक्यात, युरोप आळसानं मागे पडत नाहीये. मोठ्यांना पेलेल एवढं ओझं त्यानं छोट्यांच्या डोक्यावर ठेवलंय.

---

भोसरीचा_बोल्टवाला

लेख वाचून तुमच्याबद्दल वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. साठ माणसांचा कारखाना म्हणजे तुमच्या दृष्टीनं छोटा. आम्ही बावीस जण. नट-बोल्ट बनवतो, पैकी चाळीस टक्के जर्मनीला.

तुमच्या युरोपनं कार्बनचा सीमा-कर आणला, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना जेवढा कार्बन सुटला त्यावर कर. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्या म्हणाले, १ जानेवारी २०२६ पासून खरा लागू. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्याबरोबर आमचे बोल्टही त्यात. माझ्या हेडिंग मशीनची आणि थ्रेड रोलिंगची वीज मी मोजून देतो, तो प्रश्न नाही. पण बोल्टातला खरा धूर असतो वायर रॉडमध्ये, म्हणजे पोलाद गिरणीत. मी रॉड घेतो डीलरकडून, तीन-चार टनांच्या लॉटनं. डीलरला विचारलं, 'या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या पोलादाचं) उत्सर्जन किती?' तो माझ्याकडे बघत राहिला. गिरणी मला दारात उभं करत नाही. माहिती दिली नाही तर ठरलेला चढा आकडा धरतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, भाव कमी कर. माहिती दिली तर मान्यताप्राप्त तपासनिसाकडून पडताळून घ्या. त्याची फी कोण भरणार?

तुमच्या आयातदारांना मात्र सवलत! वर्षाला ५० टनांच्या आतला आयातदार सुटला. पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांचे (सस्टेनेबिलिटी) अहवाल हजारापेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना नकोत, असा प्रस्ताव फेब्रुवारी २०२५ मध्येच आला. छोट्यांचा कळवळा युरोपच्या वेशीपर्यंतच का?

---

हाडांचा_डॉक्टर

धागाकर्त्यांशी पूर्ण असहमत. वैद्यकीय उपकरणांचा तो कायदा कशामुळे आला हे तुम्ही लिहिलंच नाही. फ्रान्समधली पीआयपी नावाची कंपनी स्तनांच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये ते उघड झालं. मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का होताच त्या मालावर! जगभरातल्या बायकांना ते काढून घ्यायला पुन्हा टेबलावर जावं लागलं. तुमच्या फाइलचे तास मोजताना त्या बायकांचेही मोजा.

मी सांगलीत हाडांच्या शस्त्रक्रिया करतो. स्क्रू आत मोडलाय आणि कुठल्या लॉटचा आहे याची नोंद कुठेच नाही, अशी केस मी स्वतः उघडली आहे. पेशंटच्या मुलाला काय सांगायचं? म्हणून मला ती फाइल हवी आहे. कारखान्यात साठ माणसं आहेत की सहा हजार, याच्याशी टेबलावरच्या माणसाला देणंघेणं नसतं.

---

डोनाऊकाठचा

डॉक्टर, पीआयपीचा मुद्दा मान्य. मी लिहायला हवं होतं. पण ती फसवणूक होती, आणि शिक्का देणाऱ्या संस्थेनं ती पकडली नाही. त्याचा उपाय म्हणून कात्रीला इम्प्लांटच्या शेजारी बसवलं. नियम नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उलट जर्मनीत २००४ साली ५३ कारागिरीच्या धंद्यांत स्वतःचा धंदा काढायला लागणारी माइस्टर (उस्ताद कारागीर) पदवीची अट काढली. फरशी बसवणाऱ्यांपासून अनेकांत शिकाऊ मुलं घेणं घटलं, कामाच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२० मध्ये १२ धंद्यांना ती अट परत लावावी लागली. चांगला नियम छोट्याला वाचवतोही.

बोल्टवाले, तुमचा राग समजतो. पण कार्बन-कर नसता तर इथल्या गिरणीनं कार्बनचे पैसे भरायचे आणि बाहेरच्यानं नाही, हे किती दिवस चालणार? इथल्या कंपन्यांना वीज अमेरिकेच्या दोन-तीनपट महाग पडते, हे द्रागींनीच लिहिलंय.

---

भोसरीचा_बोल्टवाला

वीज महाग का, तेही सांगा. रशियाचा स्वस्त गॅस वर्षानुवर्षं घेतलात. तो बंद झाल्यावरही, एप्रिल २०२३ मध्ये, उरलेल्या तीन अणुभट्ट्या स्वतःच्या हातानं बंद केल्यात. त्याचं बिल भोसरीत कशाला पाठवता?

---

आइंडहोवनची_मीनल

दोघेही आपापल्या फाइलवर भांडताय, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. युरोपची एकच बाजारपेठ कागदावर आहे. नाणेनिधीच्या हिशेबानं युरोपातल्या देशांमधले अंतर्गत अडथळे म्हणजे कारखानी मालावर सुमारे ४४ टक्के आणि सेवांवर ११० टक्के जकात बसवल्यासारखं आहे.

माझा नवरा तीन माणसांची फर्म चालवतो, पॅकिंग मशीनची दुरुस्ती. आमच्या घरापासून बेल्जियमची हद्द गाडीनं अर्ध्या तासावर. तिथे दोन दिवस माणूस पाठवायचा तर विम्याचा ए-वन दाखला, बेल्जियमच्या लिमोसा यंत्रणेत आधी नोंद, मग काम. सुटे भाग जर्मनीत विकायचे तर खोक्याच्या पुठ्ठ्याच्या कचऱ्यासाठी तिथे वेगळी नोंदणी. फ्रान्समध्ये परत वेगळी. पुठ्ठा तोच! शेवटी त्यानं फ्रान्सची गिऱ्हाइकं सोडली. अमेरिकेत ओहायोच्या माणसाला इंडियानात स्क्रू आवळायला एवढं करावं लागत नाही. अनुदानं नकोत आम्हाला, एक नोंदणी सत्तावीस देशांत चालू द्या.

---

सातारकर_काका

सर्वांना नमस्कार. विषय जरा वेगळा आहे, पण याच्याशीच जोडलेला. जर्मनीत माणसं कमी आहेत असं सगळीकडे ऐकतो, मग माझा मुलगा काय करतोय? पुण्यातून मेकॅनिकल बी.ई., मग जर्मनीत मास्टर्स. जमिनीवर कर्ज काढलं. पास होऊन नऊ महिने झाले, आज तो पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतो. सव्वाशे अर्ज केले. युरोपचा उद्योग मेलाय हे मान्य करा, उगाच कात्र्या-चिमट्यांचं कौतुक नको.

---

डोनाऊकाठचा

काका, मनापासून वाईट वाटलं. एक विचारतो, रागावू नका. त्याला जर्मन किती येतं? आमच्याकडे शिकाऊ मुलांच्या दोन जागा सलग दुसऱ्या वर्षी रिकाम्या आहेत. इंजिनियरसाठी मात्र जागा नाही. बॉशपासून झेडएफपर्यंत गाड्यांचे भाग बनवणारे सगळे माणसं कमी करतायत, त्यामुळे अनुभवी इंजिनियरच बाजारात आलेत.

---

सातारकर_काका

म्हणजे बी.ई. करून पोरानं मशीनवर उभं राहायचं? त्यासाठी शिकवलं का त्याला? आमच्या घराण्यात पहिला इंजिनियर आहे तो.

---

सातपूरची_टर्नर

काका, मी मशीनवरच उभी असते. दक्षिण जर्मनीतल्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागात चाळीस जणांच्या कारखान्यात आउसबिल्डुंगचं, म्हणजे कामावर राहून शिकायच्या प्रशिक्षणाचं, दुसरं वर्ष. सीएनसीवर धातू कापायचं काम, साडेतीन वर्षांचा कोर्स. आठवड्यातले दीड-दोन दिवस शाळा, बाकी शॉपफ्लोअर. पहिले सहा आठवडे हातात फक्त कानस. एक ठोकळा चौरस करायचा, माइस्टर काटकोन्या लावून उजेडाकडे धरून बघायचा आणि फट दिसली की परत. रडले आहे मी त्या ठोकळ्यावर.

माझे वडील सातपूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. हात सोन्यासारखा. पण लग्नकार्यात कुणी विचारलं की 'कंपनीत आहे' एवढंच सांगायचे, टर्नर म्हणायचे नाहीत. इथे माइस्टरची पदवी शिक्षणाच्या पातळ्यांच्या सरकारी चौकटीत बॅचलरच्या बरोबरीनं, सहाव्या पातळीवर धरतात. माझ्या माइस्टरच्या घरी जेवायला गेले तर त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल असं लावलेलं. मला वडील आठवले.

जर्मन भाषेची बी-वन (मध्यम) पातळी मी नाशिकमध्येच केली. पगार अकराशे युरोंच्या आसपास, कापून कमी हातात येतो. पण कर्ज नाही.

---

भोसरीचा_बोल्टवाला

या ताईंना दंडवत. काका, खरं सांगतो, भोसरीत मला मशीनवर मराठी मुलगा मिळत नाही. ओडिशा, बिहारची पोरं आहेत, चांगली आहेत, पण छठला गेली की दोन महिने येत नाहीत. आयटीआयचा मुलगा येतो, त्यानं व्हर्नियर फक्त फळ्यावरच्या चित्रात बघितलेला असतो. आणि सगळ्यांना बी.ई. व्हायचंय. अप्रेंटिस कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला झाडू मारायला लावणारे कारखाने मीच पाहिलेत.

---

सातारकर_काका

मुलांना दोष देणं सोपं आहे. तुम्ही स्वतःच्या मुलाला मशीनवर उभं केलंत का?

---

भोसरीचा_बोल्टवाला

नाही केलं. तो बंगलोरला संगणकात आहे. बोललात ते लागलं, पण खोटं नाही.

---

हाडांचा_डॉक्टर

धागा उद्योगाचा होता, आता करिअर मार्गदर्शन झालंय. तरी विचारतो: २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य (राजधानी स्टुटगार्ट) यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार झाला. इथली पोरं तिथे पाठवायची आणि इथल्या शॉपफ्लोअरवर अंधार ठेवायचा, यात आपलं हित काय? मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. इतक्या वर्षांत त्यांचा माइस्टर इथे आणून दोनशे आयटीआय उभे करता आले नसते?

---

आइंडहोवनची_मीनल

डॉक्टर, पोरं कुठे जायची ते पोरं ठरवतील. सातपूरच्या ताईला हित-अहित शिकवू नका.

---

सातपूरची_टर्नर

मीनलताई, मला राग नाही आला. डॉक्टरांचं बरोबर आहे. मला सातपूरला हे शिकायला मिळालं असतं तर मी घर सोडलं नसतं.

काका, तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. आमच्या उद्योग चेंबरकडे रिकाम्या जागांची यादी असते. बी.ई. झालेल्याला कोर्स थोडा लवकर संपवू देतात. पण भाषा हवीच, माइस्टर इंग्रजी बोलत नाही.

---

सातारकर_काका

विचारतो त्याला. ऐकेल असं वाटत नाही. त्याच्या आईला तर अजून गोदामाचंही सांगितलेलं नाही.

---

डोनाऊकाठचा

बोल्टवाले, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर परत येतो, कारण त्याला मी नीट उत्तर दिलं नव्हतं. आमचा हुक आणि तुमचा बोल्ट, दुखणं एकच आहे. मी ते फक्त माझ्या बाजूनं बघत होतो. आयातदाराला टनांवर सूट देताना वीस माणसांच्या निर्यातदाराला काहीच दिलं नाही, हे चुकलंच आहे. गिरणीनं हीटगणिक उत्सर्जनाचा आकडा टेस्ट सर्टिफिकेटवरच छापावा, रासायनिक घटक छापतात तसा. ही मागणी तुमच्या संघटनेनं इथे आणि आमच्या चेंबरनं ब्रुसेल्सला लावून धरायला हवी. तोवर हे आकडे भरायला युरोपीय आयोगाचा एक्सेल तक्ता आहे, मी तसले तक्ते रोज भरतो. शनिवारी बसू या का?

---

भोसरीचा_बोल्टवाला

शनिवारी डिस्पॅच असतं. गुरुवारी बसू, भोसरीत गुरुवारी सुट्टी.

माझं मत बदललेलं नाही. कर अन्यायाचाच आहे. एक मात्र कबूल करतो: जर्मन गिऱ्हाइकाचे पैसे तारखेला येतात. आपल्याकडे छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, आयकरात त्याला दातही बसवले, तरी इथल्या एका मोठ्या कंपनीकडे माझे चार महिन्यांचे पैसे अडकलेत. मागितले तर पुढची ऑर्डर जाते. त्यामुळे तुमचे फॉर्म भरायलाच लागतील मला. गेल्या तीन लॉटची टेस्ट सर्टिफिकेटं काढून ठेवतो. चौथ्याचं डीलरकडून अजून आलेलं नाही.